सॅन हुआन बाउतिस्ता : नसलेल्या मनोऱ्याचे गाव

स्थळांस कीर्ती अनेक मार्गांनी लाभते. कोठे एखाद्या देवतेचे अधिष्ठान असते, कोठे रणसंग्राम झालेला असतो, कोठे एखाद्या सत्पुरुषाची समाधी असते. आणि तेथे जाणारा मनुष्य घरून निघतानाच त्या स्थळाचे एक चित्र मनात घेऊन निघतो. गेल्या शतकात या जुन्या मार्गांस आणखी एका मार्गाची जोड मिळाली, ती चित्रपटाची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात सॅन हुआन बाउतिस्ता नावाचे एक चिमुकले गाव आहे. त्याच्या चौकात येणाऱ्या पाहुण्यांपैकी कित्येक जण तेथील जुन्या चर्चसमोर उभे राहताच मान वर करून एक उंच घंटाघर शोधू लागतात. तसले घंटाघर तेथे नाही. ज्या चित्रपटात त्यांनी ते पाहिले, त्याचे चित्रीकरण झाले तेव्हाही ते नव्हते. तरी मनुष्य ते शोधतोच. कारण डोळ्यांनी ते क्षणभरच पाहिले असले, तरी कानांत ते कायमचे उभे राहिलेले असते.

हा चित्रपट म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५८ सालचा ‘व्हर्टिगो’, आणि कानांत मनोरा उभारणारे कारागीर म्हणजे त्याचे संगीतकार बर्नार्ड हरमन. लख्ख उन्हाच्या या प्रदेशावर त्यांच्या संगीताने जी काळोखी छाया पाडली, ती आज साठ वर्षांहून अधिक काळ तेथून हललेली नाही. ती छाया आली कोठून, आणि तिच्यामुळे या स्थळाचे काय दिसू लागले व काय झाकले गेले, याचा विचार त्याच वाटेने प्रवास करीत करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी कथानकाचा थोडका परिचय दिला पाहिजे. ‘व्हर्टिगो’ या शब्दाचा अर्थ भोवळ. स्कॉटी नावाचा एक पोलिस गुप्तहेर गुन्हेगाराचा छपरांवरून पाठलाग करीत असता घसरतो व पन्हळीला लोंबकळतो. त्याला वाचवू पाहणारा शिपाई त्याच्या डोळ्यांदेखत खाली पडून मरतो. तेव्हापासून त्याच्या मनात उंचीची भीती बसते आणि तो नोकरी सोडतो. पुढे एक जुना मित्र त्याच्यावर विलक्षण कामगिरी सोपवितो. मित्राची पत्नी मॅडलीन हिला आपल्या पणजीच्या आत्म्याने पछाडले आहे असा मित्राचा समज, किंवा बतावणी, आहे. तिच्यावर स्कॉटीने लक्ष ठेवावयाचे. ही पणजी कार्लोटा व्हाल्देस. एका धनिकाने तिला घरात आणले, तिच्या पोटचे मूल हिरावून घेतले आणि तिला रस्त्यावर काढले. ती वेडी होऊन भटकली व शेवटी तिने आत्महत्या केली. तीच गत आता पणतीची होणार काय, हा प्रश्न. पुढचे रहस्य येथे फोडणे उचित नव्हे. इतकेच सांगतो, की त्या घंटाघराचा जिना स्कॉटीला दोनदा चढावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्को शहर या कथेला जणू आधीच नटून बसलेले होते. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले हे नगर टेकड्यांवर वसले आहे. रस्ते इतके उभे, की वर जाणारी गाडी माथ्यावर पोचली म्हणजे पुढे रस्ता आहे की नुसते आकाश, हे क्षणभर कळत नाही. उन्हाळ्यात महासागराच्या थंड पाण्यावरून धुके उठते आणि दुपार कलली की ते सामुद्रधुनीतून आत शिरून अर्धे शहर गिळून टाकते. ज्याला उंचीची भीती आहे त्याने या गावी राहावे, हीच मुळी एक शिक्षा होय.

चित्रपटाच्या पूर्वार्धात एक प्रदीर्घ भाग असा आहे, की त्यात बोलणे जवळजवळ नाही. मॅडलीनची हिरवी मोटार पुढे, स्कॉटीची मागे, आणि दोघांच्या मध्ये केवळ संगीत. ती वाट आजही प्रवाशाला चालून पाहता येते. पहिला मुक्काम मिशन डोलोरेस. स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १७७६ मध्ये स्थापन केलेले हे ठाणे असून त्याचे कच्च्या विटांचे लहान चर्च १७९१ मध्ये पुरे झाले. १९०६ च्या भूकंपाने शहराचा बहुतेक भाग उद्ध्वस्त केला, परंतु ही चार फूट जाडीच्या भिंतींची वास्तू टिकून राहिली. मागच्या अंगणात लहानशी दफनभूमी आहे. चित्रीकरणासाठी तेथे कार्लोटाच्या नावाची खोटी शिळा उभी केली होती. दुसरा मुक्काम लिंकन उद्यानातील लीजन ऑफ ऑनर हे १९२४ मध्ये उघडलेले कलासंग्रहालय. तेथे मॅडलीन कार्लोटाच्या तसबिरीसमोर तासन् तास बसते. ती तसबीरही चित्रपटासाठीच रंगविलेली होती. तिसरा मुक्काम फोर्ट पॉइंट. सामुद्रधुनीच्या तोंडाशी १८६१ मध्ये पुरा झालेला हा विटांचा किल्ला आज गोल्डन गेट पुलाच्या प्रचंड कमानीखाली अंग चोरून बसल्यासारखा दिसतो. पूल १९३७ चा. त्याचा लाल लोखंडी भार डोक्यावर, खाली काळेभोर उसळते पाणी. याच ठिकाणी मॅडलीन पाण्यात उडी घेते.

या तिन्ही स्थळी प्रवासी गेला तर त्याला काय आढळते? दफनभूमीत गुलाबांची झाडे, संग्रहालयात शाळेची मुले, किल्ल्यापाशी मासे धरणारे लोक. भीतीचा मागमूस नाही. जी भीती चित्रपट पाहताना छातीवर बसते, तिचे निवासस्थान या दगडविटांत नसून स्वरांत आहे, हे येथे उभे राहिल्यावर जितके स्पष्ट कळते तितके चित्रगृहात कळत नाही.

ते स्वर कसे बांधले आहेत, हे आपल्या संगीताच्या परिभाषेत सांगता येईल. आपल्याकडे गवई गावयास बसला म्हणजे मागे तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो. तान कितीही दूर गेली, कितीही वक्र झाली, तरी ती घरी परत येणार याची ऐकणाराला खात्री असते. किंबहुना ती खात्री आहे म्हणूनच दूर जाण्यात गोडी असते. पाश्चात्य संगीतातही, त्यांच्या पद्धतीने, असे एक घर असते. हरमन यांनी प्रारंभीच्या श्रेयनामावलीपासूनच ते घर नाहीसे केले. स्त्रीचा चेहरा, तिचा डोळा, आणि त्या डोळ्यातून फिरत येणारी आवर्ते पडद्यावर दिसत असता वाद्यवृंदात दोन स्वरमाला चालू होतात. एक वर चढते, त्याच वेळी दुसरी खाली उतरते. दोघी मध्ये भेटतात, फाकतात, पुन्हा भेटतात. आरसा समोर धरावा आणि पाण्यात पाहावे, तशी ही रचना. तिच्यात गती आहे, परंतु प्रगती नाही. मधून मधून खर्जातील पितळी वाद्ये एखादा जड आघात करतात आणि त्या चक्राला खोल ढकलतात. ऐकणारा षड्जाची वाट पाहत राहतो. षड्ज येत नाही. भोवळ म्हणजे याहून निराळे काय असते?

कार्लोटाच्या तसबिरीपाशी येणारे संगीत याहून वेगळे आहे. तेथे हरमन यांनी हाबानेरा या क्यूबा बेटातून युरोपात गेलेल्या नृत्याचा ठेका घेतला. मूळ नृत्य सुखविलासाचे; परंतु येथे एकाच स्वरावर तो ठेका इतका संथ, इतका आग्रहाने वाजत राहतो, की नाचणारी निघून गेली आहे आणि तिच्या पावलांचा आवाज मात्र रिकाम्या दिवाणखान्यात राहिला आहे, असा भास होतो. कार्लोटा स्पॅनिश वंशाची, म्हणून हा ठेका. हे झाले उघड कारण. खरे कारण असे वाटते, की पछाडले जाणे म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच जागी परत येणे, आणि हे स्वरांत सांगण्यास ठेक्यासारखे साधन नाही.

उंचीच्या भीतीचे क्षण तर प्रसिद्धच आहेत. जिन्याच्या विहिरीत खाली पाहताच तळ एकदम दूर पळतो. हे दृश्य साधण्यासाठी जिन्याची एक प्रतिकृती आडवी ठेवून, कॅमेरा मागे ओढीत असतानाच भिंगाने दृश्य जवळ आणले होते. डोळ्याला एकाच वेळी जवळ येणे व दूर जाणे दिसते. हरमन यांनी कानासाठी तेच केले: एकमेकांशी मुळीच न जुळणारे दोन स्वरसंघ एकदम आदळविले आणि त्यांवरून हार्पच्या तारांची सरसर ओढली. आणि या सर्व अंधारात एकदाच वाद्यवृंदाला पूर्ण छाती भरून श्वास घेऊ दिला, तो प्रेमप्रसंगी. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ या १८६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेची आठवण जाणत्यांना तेथे होते. तीत प्रेमाची पूर्तता मृत्यूतच होते, म्हणून ही आठवण नुसत्या स्वरांची नव्हे, अर्थाचीही आहे.

हरमन हे न्यूयॉर्कचे. जन्म १९११. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ला १९४१ मध्ये त्यांनी संगीत दिले, तो त्यांचा पहिला चित्रपट. १९५५ पासून हिचकॉकबरोबर त्यांचे सहकार्य जमले. १९६० च्या ‘सायको’त त्यांनी केवळ तंतुवाद्यांवर जो थरकाप उभा केला तो सर्वश्रुत आहे. १९६६ मध्ये दोघांचे बिनसले व ही जोडी फुटली. १९७५ च्या डिसेंबरात ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या संगीताचे ध्वनिमुद्रण पुरे करून त्याच रात्री ते झोपेत वारले. स्वभाव तापट, शब्द तिखट, परंतु आपल्या स्वरांच्या बाबतीत तडजोड नाही, असा हा पुरुष होता.

अशा माणसाच्या वाट्याला ‘व्हर्टिगो’त एक दुःख आले. १९५८ च्या प्रारंभी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने चित्रपटकंपन्यांविरुद्ध संप पुकारला. हॉलीवूडचे वादक मिळेनात. म्हणून ध्वनिमुद्रण लंडनला नेण्यात आले, आणि वाद्यवृंदाचे संचालन म्यूर मॅथीसन या स्कॉटिश संगीतज्ञाकडे सोपविले गेले. काम अर्धेमुर्धे झाले तोच लंडनच्या वादकांनी अमेरिकन बंधूंच्या सहानुभूतीने वाद्ये खाली ठेवली. तेव्हा उरलेले काम व्हिएन्नात पुरे करण्यात आले. ज्याने स्वर लिहिले तो अमेरिकेतच राहिला, आणि त्याची कृती परक्या हातांनी सजीव झाली. योगायोग असा, की हरमन आणि मॅथीसन हे दोघेही १९११ चे, आणि दोघेही १९७५ मध्येच निवर्तले. आपले हे संगीत स्वतः संचालित करावयास न मिळाल्याची खंत हरमन यांना शेवटपर्यंत होती.

त्याहून नवल असे, की ज्या शहराशी त्यांचे संगीत एकरूप झाले, ते शहर या कथेला योग्य आहे असे हरमन यांना वाटतच नव्हते! पुढे एका मुलाखतीत त्यांनी आपले मत स्पष्ट सांगितले, की ही कथा न्यू ऑर्लीन्ससारख्या उष्ण, दमट, घाम आणणाऱ्या ठिकाणी घडावयास हवी होती. मूळ फ्रेंच कादंबरीत तर कथा फ्रान्समध्येच घडते. म्हणजे पाहा: फ्रान्समध्ये जन्मलेली कथा, न्यूयॉर्कच्या संगीतकाराच्या मनात न्यू ऑर्लीन्सची हवा, वाजविणारे लंडनचे व व्हिएन्नाचे, आणि ज्या कॅलिफोर्नियावर ही छाया पडली त्या भूमीचा या स्वरांशी संबंध शोधूनही सापडू नये! परंतु आज त्या धुक्यात उभा राहिलेला रसिक दुसरे कोणतेही संगीत आठवू शकत नाही. कलेचे सामर्थ्य असे असते, आणि तिचा अपहारही असाच असतो. ती एखाद्या जागेला असे काही देते जे तेथे नव्हते; आणि तसे देताना, जे तेथे होते त्यावर पडदा ओढते.

या वाक्याचा उत्तरार्ध समजून घ्यावयाचा तर दक्षिणेकडे निघाले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोपासून सॅन हुआन बाउतिस्ता सुमारे नव्वद मैल. वाट सांता क्लारा खोऱ्यातून जाते. चित्रपटाच्या काळी येथे फळबागा होत्या. आज त्या जागी संगणक-उद्योगाची नगरे आहेत, आणि त्यांत आपली कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. त्यांपैकी कोणाकडे महाराष्ट्रातून आईवडील राहावयास गेले, तर एका दिवसात जाऊन येण्याजोगी ही सहल आहे. लसणीसाठी प्रसिद्ध असलेले गिलरॉय मागे पडले की टेकड्या मोकळ्या होतात, आणि रस्त्याच्या कडेने उंच निलगिरी वृक्षांची रांग लागते. स्कॉटी आणि मॅडलीन यांची मोटार याच झाडांखालून गेली होती. झाडे मुळची ऑस्ट्रेलियातून आणलेली. येथे परकेच अधिक रुजले, असे पदोपदी दिसते.

गावात एक विस्तीर्ण हिरवा चौक आहे. एका अंगास जुने लाकडी सज्ज्यांचे हॉटेल, घरे व घोडागाड्यांचा तबेला. दुसऱ्या अंगास कमानींची लांबच लांब पडवी आणि तिच्या टोकाला चर्च. हे मिशन २४ जून १७९७ रोजी, सेंट जॉन या बाप्तिस्मा देणाऱ्या संताच्या सणाच्या दिवशी, स्थापन झाले. कॅलिफोर्नियातील एकवीस मिशनांपैकी हे पंधरावे. चर्चचा पाया १८०३ मध्ये घातला व १८१२ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. आत तीन दालने शेजारी शेजारी असून रुंदीने हे या मालिकेतील सर्वांत मोठे चर्च मानले जाते. गोव्यातील चर्चे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना येथे सोन्याचा झगमगाट आढळणार नाही. मातीच्या विटा, चुन्याचा हात, तांबूस फरशा. त्या फरशा उन्हात वाळत घातल्या असताना रानातील जनावरे त्यांवरून गेली, त्यांच्या पंजांचे ठसे आजही पायाखाली दिसतात. वेदीमागची भिंत १८१८ मध्ये थॉमस डोक या अमेरिकन खलाशाने केवळ अन्न व निवारा यांच्या मोबदल्यात रंगविली.

आणि मनोरा? दाराशेजारी तीन घंटा टांगलेली एक बुटकी भिंत आहे, इतकेच. पूर्वी कधी काळी या चर्चवर एक मनोरा चढविलेला होता, परंतु चित्रीकरणापूर्वीच तो नाहीसा झाला होता. हिचकॉकने काचेवरील चित्र, प्रतिकृती आणि स्टुडिओत बांधलेला जिना यांच्या साहाय्याने नवा उंच मनोरा निर्माण केला. त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर हरमन यांचे स्वर आहेत. म्हणूनच पाहुणे आजही तो शोधतात.

परंतु या स्थळाला स्वतःचे संगीत होते, आणि ते थोडेथोडके नव्हते. मिशनांच्या मालिकेत सॅन हुआन बाउतिस्ता संगीताचे मिशन म्हणून ओळखले जाई. फादर एस्तेवान तापिस हे १८१२ मध्ये येथे आले व १८२५ मध्ये येथेच वारले. त्यांनी या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे मुत्सुन जमातीच्या व शेजारच्या जमातींच्या, मुलांचे गायनवृंद तयार केले. अनेक आवाजांनी मिळून गावयाचे हे गाणे मुलांना वाचता यावे, म्हणून प्रत्येक आवाजासाठी वेगळ्या रंगाचे स्वरचिन्ह अशी लेखनपद्धती ते वापरीत. मोठ्या पानांवर लिहिलेला ग्रंथ मधोमध ठेवावयाचा, भोवती मुले उभी राहावयाची, आणि प्रत्येकाने आपापल्या रंगावर नजर ठेवून गावयाचे. त्या हस्तलिखितांचे नमुने येथील वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. त्यांचेच सहकारी फादर फेलिपे आर्रोयो दे ला कुएस्ता यांनी मुत्सुन भाषा शिकून तिचे व्याकरण व वाक्यसंग्रह लिहिला. येथे दांडा फिरवून वाजविण्याचा एक इंग्रजी बाजाही होता. त्यात भजने नव्हती, खलाशांच्या नाचाच्या चाली होत्या! शत्रुजमातीने एकदा हल्ला केला असता पाद्र्याने हा बाजा बाहेर आणून जोराने फिरविला आणि हल्लेखोर थक्क होऊन थांबले, अशी आख्यायिका गावात सांगतात. ती खरी असो वा नसो. एवढे खरे, की या भूमीवर संगीताकडे शस्त्र म्हणून पाहिले गेले होते.

रंगीत स्वरांचे ते चित्र मनोहर आहे. पण ती मुले कोठे गेली, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. त्याचे उत्तर चर्चच्या उत्तर भिंतीला लागून आहे. तेथे ऑलिव्हच्या झाडांखाली एक आयताकृती जागा आहे. ती मिशनची दफनभूमी. तीत चार हजारांहून अधिक माणसे पुरलेली असून त्यांतील बहुतेक मूळ रहिवासी आहेत. शिळा फार थोड्या. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याला परवानगीवाचून मिशन सोडता येत नसे. पळून गेलेल्यांना शिपाई धरून आणीत. युरोपातून आलेले गोवर इत्यादी रोग त्यांच्या शरीरांना अपरिचित होते. दाटीने राहणाऱ्या त्या वस्तीत ते वणव्यासारखे पसरले. गाणारी मुले आणि या मातीखालची माणसे एकाच कुटुंबांतील होत.

आणखी एक गोष्ट. दफनभूमीच्या पलीकडे जमीन एकाएकी खाली उतरते. खाली सपाट हिरवी शेते. ही उतरण म्हणजे सॅन आंद्रेआस भूभ्रंशाची रेषा. पृथ्वीच्या कवचाचे दोन महाखंड येथे एकमेकांना घासत सरकतात. याच गावापासून दक्षिणेकडे या रेषेचा जो भाग सुरू होतो, तेथे जमीन न थांबता संथपणे सरकत असते. १८०० च्या ऑक्टोबरात धक्क्यांमागून धक्के बसून मिशनच्या इमारती खिळखिळ्या झाल्या, आणि १९०६ मध्ये चर्चच्या बाजूच्या भिंती कोसळल्या. पुढे १९७६ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला. म्हणजे भोवळीचा चित्रपट ज्या जागेवर घडला, तेथे पायाखालची जमीन खरोखरीच हलत आहे. हरमन यांच्या खर्जातल्या आघातांना येथे पृथ्वीची साथ आहे. परंतु ती कानाला ऐकू येत नाही.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावी. कार्लोटा व्हाल्देस ही कल्पित स्त्री. तिची तसबीर खोटी, तिची शिळा खोटी, तिच्या पणतीचा मनोरा खोटा. तिच्यासाठी जगातील उत्तमोत्तम वाद्यवृंदसंगीतांपैकी एक लिहिले गेले, आणि ते ऐकून लक्षावधी लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. जिच्या मुलाला हिरावून घेतले अशा स्त्रीचा शोक काय असतो, हे त्या हाबानेराच्या ठेक्याने आपल्याला कळले. त्या चौकापासून काही पावलांवर चार हजार खरी माणसे आहेत, आणि त्यांच्यासाठी असा ठेका कोणी बांधला नाही. पाहुणा मान वर करून नसलेला मनोरा शोधतो. मान खाली घालून असलेली दफनभूमी पाहावी, असे त्याला कोणते संगीत सांगणार?

यावरून हरमन यांना दोष द्यावा, असे मात्र कोणी समजू नये. संगीतकाराने कथेशी इमान राखावे, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेने राखले, की १९५८ मध्ये फारसा न वाखाणला गेलेला हा चित्रपट २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांच्या घेतलेल्या कौलात सर्वश्रेष्ठ ठरला. २०२२ च्या कौलात तो दुसरा होता. त्या यशात या स्वरांचा वाटा केवढा, हे कोणी आवाज बंद करून तो चित्रपट पाहावा म्हणजे समजेल. उलट मला तर असे वाटते, की या संगीतानेच आपल्याला तेथवर आणून सोडले. ज्याने हे स्वर मनापासून ऐकले आहेत, त्याला गेलेल्या माणसाची ओढ म्हणजे काय, एकाच दुःखाचे पुन्हा पुन्हा परत येणे म्हणजे काय, हे कळू लागते. काल्पनिक मृतासाठी जो कान तयार झाला, त्याने खऱ्या मृतांसाठी बहिरे राहणे, हा दोष संगीताचा नव्हे, आपला.

सुदैवाने सगळेच स्वर मावळले नाहीत. अस्सेन्सिओन सोलोर्सानो या वृद्ध वैदू स्त्री मुत्सुन भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती. त्या १९३० मध्ये वारल्या. त्यांच्या अखेरच्या आजारात जॉन पी. हॅरिंग्टन हे भाषाशास्त्रज्ञ त्यांच्या उशापाशी बसून शब्द, कथा, औषधी, जे जे त्यांना आठवेल ते ते टिपून घेत होते. ती टिपणे हजारो पानांची झाली. त्यांच्या व आर्रोयो यांच्या लेखनाच्या आधाराने २०१६ मध्ये मुत्सुन भाषेचा कोश प्रसिद्ध झाला, आणि त्या जमातीचे वंशज आता आपली भाषा पुन्हा शिकत आहेत.

तेव्हा जे कोणी या गावी जातील त्यांनी चौकातून मनोरा जरूर शोधावा. तो न दिसल्याची गंमतही वाटून घ्यावी. आत जाऊन जनावरांच्या पंजांचे ठसे पाहावे, रंगीत स्वरांची पाने पाहावी. परंतु परत फिरण्यापूर्वी उत्तरेच्या भिंतीपलीकडे जाऊन ऑलिव्हच्या सावलीत घटकाभर काही न बोलता उभे राहावे. तेथे कोणताही वाद्यवृंद वाजत नाही. खाली शेते पसरलेली असतात, वारा वाहत असतो, आणि जमीन, कोणाला न कळत, केसभर पुढे सरकलेली असते.